सरोवराकाठच्या साहसनगरांत मित्रांसोबत : वाचकांचे प्रश्न

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तेकापो, वानाका, क्वीन्सटाउन आणि ते आनाऊ ही चार गावे चार मोठ्या सरोवरांच्या काठी वसलेली आहेत. पाठीवर सॅक घेऊन मित्रमंडळींसोबत या गावांतून हिंडू इच्छिणाऱ्या आणि त्यांना निरोप देणाऱ्या घरच्यांच्या पत्रांपैकी काहींना या वेळच्या सदरात उत्तरे देत आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र डिसेंबरमध्ये बारा दिवसांसाठी दक्षिण बेटावर जाणार आहोत. क्राइस्टचर्चला उतरून चारही गावे पाहायची आणि क्वीन्सटाउनहून परतायचे असा विचार आहे. प्रत्येक गावी दोन रात्री राहून उरलेले दिवस वाटेतील ठिकाणांना द्यावेत असे ठरते आहे. हा आराखडा योग्य आहे का, आणि बसने जावे की गाडी घ्यावी?

उत्तर : क्रम योग्य आहे, पण दिवसांची वाटणी बदलावी असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तेकापोला एक रात्र, वानाकाला तीन, ते आनाऊला तीन आणि क्वीन्सटाउनला चार अशी विभागणी केलीत, तर बारा दिवसांत सारे नीट बसते. याचे कारण तेथील हवामानात आहे. टास्मान समुद्रावरून येणारे पश्चिमेचे बाष्पयुक्त वारे दक्षिण आल्प्सच्या भिंतीला आदळतात आणि आपला बहुतेक पाऊस पश्चिमेकडेच रिता करतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावरच्या मिलफर्ड साउंड या समुद्राच्या अरुंद फाट्याला वर्षाकाठी सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो, तर डोंगरांच्या पलीकडे असलेला तेकापोचा परिसर कोरडा, पिवळ्या गवताचा राहतो. क्वीन्सटाउन आणि वानाका पर्जन्यछायेत येत असली, तरी वारा आणि ढग तेथेही अचानक येतात. पॅराशूटची उडी, पॅराग्लायडिंग आणि हेलिकॉप्टरची फेरी वाऱ्यामुळे किंवा ढगांमुळे ऐनवेळी रद्द होणे ही तेथील नित्याची गोष्ट आहे. एखाद्या गावी दोनच रात्री असतील, तर हाती पूर्ण असा एकच दिवस येतो, आणि नेमका तोच दिवस वाऱ्याचा निघाला, तर ज्यासाठी इतक्या दूर गेलात ते राहून जाते. म्हणून मुक्काम लांब ठेवावा, हवामानावर अवलंबून असलेली गोष्ट पहिल्याच पूर्ण दिवसासाठी नोंदवावी आणि पुढचा दिवस तिच्यासाठी मोकळा ठेवावा.

डिसेंबर हा तेथील उन्हाळा असून रात्री नऊनंतरही उजेड असतो. या लांब दिवसांचा खरा फायदा चालण्यासाठी होतो. वानाकाजवळच्या रॉय्स पीकची वाट (शिखराची उंची १५७८ मीटर) जाऊन-येऊन सुमारे १६ किलोमीटरची आहे. ती पाच-सहा तास घेते आणि जवळजवळ सगळीकडे उघड्या उतारावरून जाते. सावली नाही, वाटेत भरवशाचे पाणी नाही, आणि तेथील अतिनील किरणे इतकी तीव्र असतात की ढगाळ दिवशीही कातडी भाजते. तेव्हा पाणी सोबत न्यावे, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नये. ही वाट मेंढपाळीच्या खासगी जमिनीतून जात असल्यामुळे मेंढ्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर, ती बंद असते. तुमच्या तारखांना ती अडचण नाही, पण वसंतात जाऊ पाहणाऱ्या अन्य वाचकांनी ही नोंद घ्यावी.

बस की गाडी, याचे उत्तर मोठ्या गावांपुरते सोपे आहे. क्राइस्टचर्चहून तेकापोमार्गे क्वीन्सटाउनला जाणाऱ्या बस आहेत, आणि या चारही गावांमध्ये पायी फिरता येते. मात्र पायवाटांचे आरंभबिंदू बहुधा गावाबाहेर असतात, आणि पाच जणांत वाटून घेतलेल्या गाडीचा खर्च बसच्या तिकिटांच्या आसपासच येण्याचा संभव असतो. पाच माणसे आणि पाच सॅक लहान गाडीत मावत नाहीत, हे आरक्षण करतानाच लक्षात घ्यावे. तेथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजीतील वैध परवाना चालतो, त्यामुळे आपल्याला ते सोपे वाटते. खरी कसोटी एकेरी पुलांवर लागते. कोणत्या बाजूच्या वाहनाने थांबायचे हे तेथे बाणांच्या फलकावर दाखवलेले असते. लहान लाल बाण आपल्या दिशेचा असेल, तर समोरच्याला आधी जाऊ द्यायचे. वानाका आणि क्वीन्सटाउन यांमधला क्राउन रेंजचा रस्ता हजार मीटरहून अधिक उंचीवर चढतो आणि क्वीन्सटाउनच्या बाजूला तीव्र वळणांनी उतरतो. गटातील सर्वांत अनुभवी चालकाकडेच तो रस्ता सोपवावा. ते आनाऊहून मिलफर्डला जाणारा सुमारे १२० किलोमीटरचा रस्ता तर पूर्ण दिवसाचा कार्यक्रम समजावा. ते आनाऊलाच टाकी पूर्ण भरून घ्यावी, कारण पुढे इंधनाचा भरवसा धरता येत नाही आणि वाटेत मोबाइलही बहुतेक ठिकाणी चालत नाही. होमर बोगद्याजवळ किआ नावाचे पहाडी पोपट गाड्यांवर येऊन बसतात आणि खिडक्यांचे रबर कुरतडतात. त्यांना काहीही खायला घालू नये. माणसांच्या खाण्याने त्या दुर्मीळ पक्ष्यांचे आयुष्य धोक्यात येते.

प्रश्न : माझी मुलगी तीन मैत्रिणींसोबत क्वीन्सटाउनला जात आहे. बंजी, जेट बोट, पॅराशूट अशी नावे ऐकून माझी झोप उडाली आहे. तिला थांबवायचे नाही, पण आई म्हणून मी नेमके काय पाहावे?

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, परंतु ती ज्या गोष्टींभोवती फिरते आहे त्यांपेक्षा वेगळ्याच गोष्टींकडे तुमचे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. पैसे देऊन, प्रशिक्षित माणसांच्या हाताखाली केलेली साहसे ही त्या गावांतील सर्वांत जास्त नियमांनी बांधलेली गोष्ट आहे. क्वीन्सटाउनजवळच्या कावाराऊ दरीतील १८८० सालच्या झुलत्या पुलावर ए. जे. हॅकेट आणि हेन्री व्हॅन ॲश यांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये बंजीचे जगातील पहिले कायमस्वरूपी व्यावसायिक केंद्र सुरू केले. तेथील उडी ४३ मीटरची आहे. उडी घेणाऱ्याचे वजन करून तो आकडा त्याच्या हातावर लिहितात, त्यानुसार दोर निवडतात आणि बांधणी पुन्हा तपासली जाते. न्यूझीलंडने २०११ मध्ये साहसी उपक्रमांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार अशा उपक्रमांच्या चालकांना बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते आणि 'वर्कसेफ' या सरकारी संस्थेकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदवही कोणालाही पाहता येते. पॅराशूटच्या उड्यांवर नागरी हवाई वाहतूक प्राधिकरणाची आणि नदीतील व्यावसायिक जेट बोटींवर सागरी सुरक्षा यंत्रणेची देखरेख असते. मुलीने ज्या चालकाकडे नोंदणी केली आहे त्याचे नाव अशा नोंदीत आहे का, हे तुम्ही घरबसल्या पाहू शकता, आणि ते जरूर पाहावे.

मुलीने मात्र तेथे विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे द्यायला हवीत. उच्च रक्तदाब, अपस्मार, हृदयाचा किंवा पाठीचा त्रास, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया, गर्भावस्था यांपैकी काही असेल, तर ते लपवू नये. चष्म्याचा नंबर फार मोठा असल्यास बंजीपूर्वी नेत्रतज्ज्ञांना दृष्टिपटल दाखवून घ्यावे, कारण उलटे लटकताना डोळ्यांतील रक्तदाब एकदम वाढतो.

आता ज्याची काळजी अधिक करावी त्याविषयी. जिथे कोणी वजन करत नाही, कोणी सूचना देत नाही आणि तिकीटही लागत नाही, त्या ठिकाणी, म्हणजे सरोवरात, नदीत आणि डोंगराच्या कड्यावर, खरा धोका असतो. क्वीन्सटाउन ज्याच्या काठी आहे ते वाकाटिपू हे हिमनदीने कोरलेले सरोवर सुमारे ३८० मीटर खोल आहे. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच असल्याने त्याचा तळ चक्क समुद्रसपाटीच्या खाली जातो. एवढ्या खोल आणि डोंगरातील बर्फाचे पाणी पिणाऱ्या सरोवराचे पाणी भर उन्हाळ्यातही गार राहते. कडक ऊन, निळे पाणी आणि धक्क्यावरून उड्या मारणारी स्थानिक मुले पाहून नवखी मंडळी एकदम पाण्यात उडी घेतात. थंड पाण्यात शिरताच माणसाला अनावर धाप लागते. ती धाप डोके पाण्याखाली असताना लागली, तर पाणी थेट फुप्फुसात जाते, आणि अशा वेळी उत्तम पोहणाराही बुडू शकतो. पहिल्या मिनिटात धापेवर ताबा मिळवणे, त्यासाठी हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहणे, ही एकच गोष्ट तिला शिकवून ठेवलीत, तरी पुष्कळ झाले. त्यानंतरही जेमतेम दहा मिनिटे हातापायांत कामाची ताकद उरते, म्हणून पाण्यात हळूहळू उतरावे आणि काठ सोडू नये.

वाऱ्याचेही तसेच. सकाळी आरशासारखे शांत असलेले सरोवर दुपारी खवळते, आणि काठावरून आत वाहणारा वारा कयाक किंवा पॅडल बोर्ड पाहता पाहता मधोमध नेऊन सोडतो. लाइफ जॅकेट बोटीत ठेवून चालत नाही. ते अंगावर, पट्टे आवळून असले पाहिजे. वानाका सरोवरातून जिथे क्लुथा नदी बाहेर पडते, तिथे पाणी नितळ आणि उथळ भासते, पण ही न्यूझीलंडमधील सर्वाधिक पाणी वाहून नेणारी नदी आहे आणि तिची ओढ जबर आहे. डोंगरावर जाताना मुलींनी आपला मार्ग आणि परतण्याची वेळ कोणाला तरी लेखी कळवावी. संकटसंदेश देणारे बीकन तेथे भाड्याने मिळते, आणि तातडीच्या मदतीसाठी १११ हा क्रमांक आहे. तिला उडी मारू द्यावी, ताई. उडीच्या दिवशी नव्हे, तर ज्या दिवशी 'आज काहीच नाही, नुसते सरोवरावर जाणार आहोत' असा निरोप येईल, त्या दिवशी तिला आठवण करून द्यावी.

प्रश्न : आमच्या सहा जणांच्या गटात दोघांना सगळेच करायचे आहे, एकाला उंचीची भीती वाटते आणि एका मैत्रिणीचे बजेट बरेच कमी आहे. 'सगळे मिळून करू, नाहीतर कोणीच नको' असा सूर निघाला आहे. काय करावे?

उत्तर : हा सूर निघण्यापूर्वीच बंद करायला हवा होता, आताही उशीर झालेला नाही. मित्रांसोबतचा प्रवास म्हणजे प्रत्येक तास एकत्र घालवणे नव्हे. राहणे, स्वयंपाकाचे सामान आणि इंधन यांचाच खर्च सामाईक ठेवावा. साहसी उपक्रमांचा खर्च ज्याचा त्याने करावा आणि त्याविषयी कोणी कोणाला कारण विचारू नये. हे निघण्याआधी, तोंडावर आणि स्पष्ट शब्दांत बोलून घ्यावे. कमी बजेट असलेल्या मैत्रिणीला 'आम्ही भरतो, तू चल' असे म्हणणे प्रेमापोटी असले, तरी तिला सहा जणांसमोर नकार देण्याच्या अवघड जागी उभे करणारे आहे.

भीती वाटणाऱ्या मित्राच्या बाबतीत मी अधिक कठोरपणे लिहीन. फळीवर उभ्या असलेल्या माणसाला खालून आरोळ्या ठोकून उडी मारायला लावणे हा खेळ नाही. ऐनवेळी नकार दिल्यास पैसे बहुधा परत मिळत नाहीत, आणि नेमक्या त्या पैशांच्या दडपणाखाली माणसे नको असलेली गोष्ट करून बसतात. म्हणून ज्याचे मन ठाम नाही त्याच्यासाठी आगाऊ नोंदणी करूच नये. कावाराऊच्या पुलावर उड्या पाहण्यासाठी सज्जे आहेत. तो तेथे उभा राहून पाहील, आणि त्याला वाटलेच, तर जागा असल्यास त्याच दिवशी नाव देईल.

या गावांत पैसे न लागणाऱ्या गोष्टी मुबलक आहेत, आणि माझ्या मते त्याच अधिक चांगल्या आहेत. क्वीन्सटाउनच्या मागे उभा असलेला १७४८ मीटर उंचीचा बेन लोमंड थेट गावातून चालत चढता येतो. वरून दिसणारे वाकाटिपूचे वळसेदार रूप कोणत्याही तिकिटाने यापेक्षा चांगले दिसत नाही. हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात रोज रात्री मिळून जेवण करावे. दिवसभर वेगवेगळे हिंडलेले सहा जण तेथे एकत्र येतात, आणि खर्चही निम्म्यावर येतो.

प्रश्न : मिलफर्ड ट्रॅकचे आरक्षण मिळाले नाही. आता ते आनाऊला जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : नक्कीच आहे. मिलफर्ड ट्रॅक ५३.५ किलोमीटरचा, चार दिवसांचा आणि मोसमात एकाच दिशेने चालायचा असून, स्वतंत्रपणे जाणाऱ्या फक्त ४० जणांना रोज तेथे प्रवेश मिळतो. आरक्षण सुरू होताच जागा संपतात, यात तुमचा काही दोष नाही. केपलर ट्रॅक हा सुमारे ६० किलोमीटरचा वळसा ते आनाऊ गावाच्या अगदी जवळून सुरू होतो आणि तेथेच संपतो, त्यामुळे परतीच्या वाहनाची व्यवस्था करावी लागत नाही. मोसमात, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलअखेरपर्यंत, त्याच्या झोपड्यांसाठीही आरक्षण लागते, पण रद्द झालेल्या जागा अधूनमधून मोकळ्या होतात. संकेतस्थळ रोज पाहत राहावे. झोपडीत गादी आणि मोसमात गॅसची शेगडी असते. स्लीपिंग बॅग, भांडी आणि अन्न स्वतःचे न्यावे लागते. तेही न जमल्यास बोटीने ब्रॉड बे येथे उतरून लक्समोर झोपडीपर्यंत एका दिवसात जाऊन येता येते. झाडांची रेषा ओलांडून उघड्या कड्यावर आल्यावर खाली पसरलेले ते आनाऊ सरोवर दिसते. ३४४ चौरस किलोमीटरचे हे सरोवर दक्षिण बेटावरील सर्वांत मोठे आहे. मिलफर्डच्या रस्त्यावरील 'द डिव्हाइड' येथून की समिटला जाऊन येण्यास तीन तास पुरतात, आणि वेळ कमी असणाऱ्यांना मी ती वाट सर्वांत आधी सुचवते.

ते आनाऊमध्ये असताना पक्षी अभयारण्यात ताकाहे हा निळा, न उडणारा पक्षी जरूर पाहावा. तो नामशेष झाला असे अनेक दशके मानले जात होते. १९४८ मध्ये डॉ. जेफ्री ऑर्बेल यांना तो याच सरोवरापलीकडच्या मर्चिसन पर्वतांत पुन्हा आढळला.

प्रश्न : सॅकमध्ये घरचे खाणे आणि वापरलेले ट्रेकिंगचे बूट नेले तर चालतील का?

उत्तर : जे न्याल ते जाहीर करा, एवढे एक पथ्य पाळावे. खाद्यपदार्थ जाहीर केल्याबद्दल दंड होत नाही, फार तर ते काढून घेतले जातात. न जाहीर करता नेलेल्या वस्तूसाठी मात्र जागीच ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. मध, ताजी फळे, बिया आणि दुधाचे पदार्थ नेऊच नयेत. बूट आणि तंबूच्या खुंट्या घासून, धुऊन, वाळवून न्याव्यात आणि त्याही जाहीर कराव्यात, कारण तळव्यांतील मातीतून रोग जातात. तेथे पोहोचल्यावरही एका सरोवरातून दुसऱ्याकडे जाताना कयाक, बूट आणि पोहण्याचे कपडे तपासून, धुऊन, पूर्ण वाळवण्याचा नियम आहे. २००४ मध्ये दक्षिण बेटावरील एका नदीत डिडिमो हे शेवाळ आढळले आणि पुढे ते अनेक नद्यांत पसरले. डोळ्यांना न दिसणारी त्याची एक पेशीही ओल्या वस्तूंतून प्रवास करते.

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये अपघात झाल्यास परदेशी प्रवाशांनाही उपचार मिळतात असे वाचले. मग प्रवासी विमा का घ्यावा?

उत्तर : तुम्ही वाचले ते अर्धे खरे आहे. १९७४ पासून तेथे अपघात भरपाईची सरकारी योजना आहे आणि देशात झालेल्या अपघाती दुखापतीच्या उपचारांचा मोठा भाग ती पर्यटकांसाठीही उचलते. पण आजारपण तिच्यात येत नाही, रद्द झालेला प्रवास येत नाही, आणि जखमी माणसाला मायदेशी आणण्याचा खर्चही येत नाही. शिवाय या योजनेच्या बदल्यात अपघातासाठी नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्क सामान्यतः उरत नाही. विमा घेताना बंजी, पॅराशूट आणि बहुदिवसीय पदभ्रमण ही नावे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेली आहेत का ते पाहावे. साध्या पॉलिसीतून ती बहुधा वगळलेली असतात. भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा घेऊनच जावे लागते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून त्यासोबत पर्यटक आकार म्हणून १०० न्यूझीलंड डॉलर भरावे लागतात, हेही हिशेबात धरावे.

प्रश्न : आम्ही साठीच्या घरातील चार मैत्रिणी आहोत. उड्या मारायच्या नाहीत, पण सॅक घेऊन, हॉस्टेलमध्ये राहून हीच गावे पाहायची आहेत. तरुणांच्या गर्दीत आम्ही उपऱ्या ठरू का?

उत्तर : मुळीच नाही. तेथील हॉस्टेलांत सर्व वयांचे प्रवासी राहतात, आणि चार जणींची खोली मिळाली, तर ती पूर्णपणे तुमचीच होते. आरक्षण करताना खालचे बंक मागून घ्यावेत आणि शक्यतो गावाच्या मध्यभागातील मद्यगृहांपासून दूरचे हॉस्टेल निवडावे, म्हणजे रात्रीची झोप चांगली होते. तेकापोला दोन रात्री राहावे. तो परिसर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय राखीव क्षेत्र, म्हणजे रात्रीचे काळोखे, ताऱ्यांनी भरलेले आकाश जपलेला प्रदेश आहे, आणि एखादी रात्र ढगाळ निघाली, तरी दुसरी हाताशी राहते. मात्र अमावास्येच्या आसपासच्या तारखा निवडाव्यात. तेथील पाण्याचा दुधाळ निळा रंग हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे येतो, आणि तो दुपारच्या उन्हात सर्वांत स्पष्ट दिसतो. क्वीन्सटाउनला १९१२ सालची, अजूनही कोळशावर चालणारी 'अर्न्सलॉ' ही आगबोट आहे. तिच्या इंजिनघरावरील पुलावरून कोळसा घालणारे कामगार जवळून पाहता येतात. ती देखभालीसाठी काही काळ बंद ठेवली जाते, म्हणून तारखा आधी पाहून घ्याव्यात.

वाकाटिपूच्या काठी थोडा वेळ बसायला मिळाले, तर एखाद्या खडकावर पाण्याची पातळी हेरून ठेवावी. साधारण अर्ध्या तासाच्या आत ती काही सेंटिमीटर वर-खाली होते. लांब, अरुंद खोऱ्यात पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलकावत राहिल्यामुळे हे घडते. माओरी कथेत मात्र तो तळाशी पडलेल्या माताऊ नावाच्या राक्षसाच्या हृदयाचा ठोका आहे. चालण्यासाठी वानाकाचा काठ सर्वांत सपाट आहे. पाण्यात उभे असलेले प्रसिद्ध एकटे विलोचे झाड तेथेच भेटेल. २०२० मध्ये कोणीतरी त्याच्या फांद्या कापल्या होत्या, तेव्हा छायाचित्र काठावरूनच घ्यावे आणि झाडावर चढू पाहणारा कोणी दिसल्यास त्याला हटकण्यास कचरू नये. मिलफर्डला मात्र स्वतः गाडी न चालवता ते आनाऊहून निघणाऱ्या बसने जावे, आणि वाळूमाश्यांसाठी मलम सोबत ठेवावे, कारण तेथे बस थांबताच त्या चावायला सुरुवात करतात.